मार्फत

माझी आई मळ्यात राहते. गावात आमचे घर आहे. शाळेची नोकरी आणि मुलांचे शिक्षण यांमुळे मी, बायको आणि दोन मुले तेथे राहतो. आईने मात्र मळा सोडायचा नाही असे ठरवून टाकले आहे. "गावात भिंतीला भिंत. वारा कुठून येतो त्ये कळत न्हाय," हे तिचे ठरलेले उत्तर. मळ्यात दोन खोल्या आहेत, पुढे पडवी आहे, बाजूला गोठा, गोठ्यात एक म्हैस आणि दोन शेळ्या, दारात एक जुना कडुनिंब आणि तीन बाजूंनी ऊस. या उसाचेच मला भय वाटते. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे बिबट्या हा आता नुसता रानातला प्राणी राहिलेला नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो आणि ऊसतोड सुरू झाली म्हणजे बेघर होऊन वस्त्यांभोवती हिंडू लागतो. दिवस मावळला की माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागते. आईने गोठ्याचे दार लावले असेल का? शेळीच्या ओरडण्याने ती कंदील घेऊन बाहेर तर आली नसेल? समोर मुलांच्या वह्या पडलेल्या असतात आणि तांबड्या शाईचा पेन माझ्या हातात तसाच राहतो.

म्हणून गेल्या दसऱ्याच्या सुमारास मळ्यात एक कॅमेरा बसवावा असे मी ठरवले. शेजारच्या कोंबड्यांच्या शेडपर्यंत विजेच्या खांबांवरून इंटरनेटची तार आलेली होतीच. ती आमच्या पडवीपर्यंत ओढून घेतली. हे काम करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे, आणि याच्या हाती पुढे काही लागेल असे मला कधी वाटले नव्हते. आता पंचक्रोशीतल्या सगळ्या तारा त्याच्या हाती आहेत! त्याने कडुनिंबाच्या खोडावर कॅमेरा ठोकला, पडवीत एक डबी बसवली, आणि घरातल्या टीव्हीवर अंगण, गोठा, म्हशीची शिंगे असे सारे लख्ख दिसू लागले. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "हे तर मला दारातनंबी दिसतंय." मला खरा उपयोग पाहिजे होता तो गावातल्या घरी. पण संध्याकाळी घरी येऊन मोबाईल उघडतो तो काय, पडद्यावर एक चाक गरगर फिरते आहे आणि चित्राचे नाव नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठले. तो शिडीवर चढला होता. वरूनच म्हणाला, "सर, ते दिसायचं नाही. तुमच्या मळ्याच्या लाइनीला स्वतःचा पत्ताच नाही."

मी मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. शब्द मला जरा लवकर लागतात. 'पत्ता नाही' हे आपल्या भाषेतले फार कठोर शब्द आहेत. पाऊस लांबला की आपण म्हणतो, पावसाचा पत्ता नाही. मुलगा घर सोडून गेला की तो बेपत्ता. यादीतून नाव गाळले की त्याचा पत्ता कटला. पत्ता असणे आणि जगात असणे यांत आपण फारसा फरक करीत नाही. आणि हा माझा विद्यार्थी शिडीवरून सहज सांगत होता, की माझ्या आईच्या घराला पत्ता नाही.

पत्त्याच्या बाबतीत आम्ही अवसरीकर आधीच थोडे हळवे आहोत. एकाच तालुक्यात दोन अवसऱ्या. आमची बुद्रुक आणि दुसरी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरली आणि खुर्द म्हणजे धाकटी. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि महाराष्ट्रभर गावोगाव चिकटून बसले. गावे वाढली, नावे पुरेनाशी झाली, तेव्हा कोणा शहाण्याने एकाच नावाला थोरला-धाकटा असे शेपूट लावून दोन गावांची सोय केली. पण पाकिटावर लिहिताना माणसे 'बु.' आणि 'खु.' एवढेच लिहितात आणि घाईच्या अक्षरात या दोहोंत कितीसा फरक राहतो? लहानपणी आमच्याकडे खुर्दची पत्रे येत आणि आमची तिकडे जात. पुढे हे पुष्कळ कमी झाले ते पिन कोडमुळे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने तो सुरू केला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, हुद्द्याने सरकारी अधिकारी आणि वृत्तीने संस्कृतचे कवी. सहाच आकडे, पण पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रे वाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन नेमकी टपाल कचेरी दाखवतात. मद्रासकडच्या टपालवाल्याला मराठी येवो न येवो, आकडे त्याला वाचता येतात. हे संस्कृत कवीला सुचावे याचे मला नवल वाटत नाही. ज्याने अक्षरे आणि मात्रा मोजण्यात आयुष्य घालवले, त्यालाच सहा आकड्यांत देश बसवणे साधणार!

तो शिडीवरून खाली उतरला तेव्हा मी त्याला विचारले, "पत्ता नाही म्हणतोस, मग माझी आई मळ्यातून नातवंडांशी बोलते, भजने ऐकते, ते कसे?"

"बाहेर जायला अडचण नाही सर. बाहेरून कोणी आत यायचं म्हटलं की अडतं. आमच्याकडे शेकडो घरांना मिळून एकच पत्ता आहे. तुमच्या मळ्यातून काही बाहेर निघालं की आमचं यंत्र त्यावर आपला पत्ता घालतं, आणि कोणाचं काय गेलं ते वहीत टिपून ठेवतं. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला देतं. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर ते कोणाकडे आलंय हे यंत्राला कसं कळणार? वहीत नोंदच नाही. मग ते परत लावून देतं."

"म्हणजे मार्फत!" मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहू लागला. पाकिटावरचा 'मार्फत' हा शब्द त्याच्या पिढीने पाहिलेला नाही. मी मात्र तो शब्द आयुष्यात विसरणार नाही.

माझे वडील मुंबईला मशीद बंदरात हमाली करीत. आमच्या भागातली निम्मी-अर्धी तरणी माणसे त्या काळी मुंबईलाच असत. एका खोलीत वीस-वीस जण. दिवसपाळीचे रात्री झोपत आणि रातपाळीचे दिवसा. अशा खोलीला कसला आला आहे पत्ता? पत्रे यायची ती ज्या खानावळीत ही सारी मंडळी जेवत तिच्या मालकाच्या मार्फत. आई मला पुढ्यात बसवून पोस्टकार्ड लिहून घेई. वडिलांचे नाव, खाली 'मार्फत' आणि त्याखाली ज्याला आम्ही कधी पाहिले नाही अशा माणसाचे नाव. मला वाटे, हे 'मार्फत' म्हणजे वडिलांचे आडनावच असावे. खानावळवाला माणूस वाईट नव्हता. आलेली पत्रे तो गणपतीच्या तसबिरीमागे खोवून ठेवी आणि जेवायला येईल त्याला हाक मारून देई.

मी दुसरीत असताना आजोबा अंथरुणाला खिळले. आईने माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या: 'आजोबा बरे नाहीत, तुमची आठवण काढतात, असाल तसे निघून या.' ते कार्ड मुंबईला वेळेवर पोचले. पण खानावळवाला त्याच सुमारास आपल्या गावी गेला होता. त्याच्या जागी जो पोरगा बसला होता, त्याला तसबिरीमागे हात घालण्याचे सुचले नाही. वडील रोज दोन वेळा त्या तसबिरीसमोर बसून जेवत होते, आणि कार्ड गणपतीच्या मागे होते! ते गावी आले तेव्हा आजोबांचा दहावा होऊन गेला होता.

वडील त्यावर काही बोलले नाहीत. पुढे चार वर्षांनी त्यांनी मुंबई सोडली. गावातला वाडा तोवर चार भावांत वाटला जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दीड खोली आली होती. त्यांनी मळ्यात घर बांधायला काढले. पायाही भरून झाला नव्हता, तोच त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून एक टपालपेटी केली, तिच्यावर तांबड्या रंगाने आपले नाव, गाव आणि पिन कोड लिहिला आणि ती कडुनिंबाला ठोकली. मळ्यात पोस्टमन कधी येत नसे. मळेकऱ्यांची पत्रे तो गावातल्या किराणा दुकानात देऊन मोकळा होई. त्या पेटीत एकही पत्र कधी पडले नाही. वडील गेल्यावर आई तिच्यात भोपळ्याचे बी आणि गोठ्याची किल्ली ठेवू लागली. कॅमेरा बसवताना माझ्या विद्यार्थ्याने तो बरोबर त्या पेटीच्या वर ठोकला होता. त्याला ते काय ठाऊक!

तेव्हा 'मार्फत' हा शब्द माझ्या तोंडून निघाला, तो काही नुसता उपमा सुचली म्हणून निघाला नाही. माझा चेहरा पाहून तो पोरगा चहा प्यायला बसला, आणि मग त्याने मला या पत्त्यांची सारी कुळकथा सांगितली. काही मी पुढे स्वतः वाचून काढली. वर्गात मी त्याला जेवढे शिकवले असेल, त्याहून अधिक त्याने मला त्या अर्ध्या तासात शिकवले.

इंटरनेटवर जे जे यंत्र बोलते त्याला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या रीतीचा पत्ता म्हणजे चार आकडे आणि मध्ये टिंबे. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न यांच्या दरम्यानचा. पिन कोडासारखेच याचेही आहे. डावीकडचा भाग कोणते जाळे ते सांगतो आणि उजवीकडचा त्या जाळ्यातले घर. १९७७ साली अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि त्यांचे सहकारी या पत्त्याची लांबी किती असावी याचा खल करीत होते. मंडळींचे एकमत होईना. शेवटी सर्फ यांनी बत्तीस अंश, म्हणजे बत्तीस शून्य-एक, अशी लांबी ठरवून टाकली. हा एक प्रयोग आहे, यशस्वी झाला तर खरी व्यवस्था पुढे करू, असा त्यांचा हिशेब होता. पण प्रयोग संपलाच नाही. तोच जग होऊन बसला! १९८१ साली ती रीत लिहून पक्की झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून सारे जाळे तिच्यावर चालू लागले.

माझे गणित मॅट्रिकबरोबर संपले. तरी बत्तीस अंशांत पत्ते किती बसतात हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहावेसे वाटले. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट मुलांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. मी फळ्यावर अर्धाच पट काढला, म्हणजे बत्तीस घरे. मुलांनी अर्धा तास बेरजा केल्या. उत्तर आले ४,२९,४९,६७,२९५. त्यात एक मिळवला की झाले जुन्या रीतीचे एकूण पत्ते: सुमारे चारशे एकोणतीस कोटी. १९७७ साली जगाची लोकसंख्याच जवळपास तेवढी होती. दर माणशी एक पत्ता! त्या वेळी संगणक म्हणजे एक खोली भरून टाकणारे यंत्र होते. चारशे कोटी पत्ते कोणाला लागणार होते? आज जगात आठशे कोटींहून अधिक माणसे आहेत, आणि एकेकाच्या घरात मोबाईल, टीव्ही, कॅमेरा, अशी पत्ता मागणारी चार-चार यंत्रे आहेत.

आणि असलेले पत्ते तरी सारखे कोठे वाटले गेले? गावठाणाची जी गोष्ट, तीच येथे. गाव वसले तेव्हा जे आधी आले त्यांनी ऐसपैस वाडे घातले; परसात चिंच, पुढे चौक, मागे आड. मागाहून आले त्यांना दोन भिंतींमधला बोळ मिळाला. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या एकट्या तंत्रविद्यापीठाला सुरुवातीच्या काळात १,६७,७७,२१६ पत्ते मिळाले होते. २०१७ साली त्या संस्थेने आपण होऊन सांगितले, की त्यांतले जवळजवळ एक कोटी चाळीस लाख कधी वापरलेच गेले नाहीत, आणि सुमारे ऐंशी लाख विकायला काढले. त्यांनी काही लबाडी केली असे मी म्हणत नाही. वाडा बांधणारालाही कोठे ठाऊक असते, की पुढे गावात पाऊल ठेवायला जागा उरणार नाही?

आपण मागाहून आलेल्यांतले. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला, १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलण्याचे देशातले पहिले केंद्र उभे राहिले. ती प्रचंड तबकडी पाहायला शाळांच्या सहली जात. सातासमुद्रापलीकडचे बोलणे आकाशातून खाली उतरायचे ते आमच्या बाजरीच्या शेतांशेजारी. पण त्यातला एक शब्द आमच्यासाठी नसे. आमच्या घरी साधा टेलिफोनही नव्हता. पुढे ते केंद्र ज्या विदेश संचार निगमाकडे गेले, त्याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आणि योगायोग असा, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे नव्या पत्त्यांचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. आम्ही गावात पाऊल ठेवले, आणि गावठाण संपत आल्याची दवंडी पिटली गेली!

जुनी रीत चौथी म्हणून ओळखली जाते आणि नवी सहावी. पाचवी कोठे गेली असे माझ्या वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारले. पाच हा आकडा आधीच दुसऱ्या एका प्रयोगाला देऊन झाला होता, म्हणून तो वगळावा लागला. नव्या रीतीत पत्त्याची लांबी एकशे अठ्ठावीस अंश. म्हणजे अर्ध्या पटाऐवजी दोन अख्खे पट घ्यायचे आणि दाणे दुप्पट करीत जायचे. हे गणित मी वर्गात घेतले नाही. शाळा सुटायची वेळ झाली असती आणि दिवाळीची सुट्टीही संपली असती. उत्तर एकोणचाळीस आकडी येते. चौतीस लिहून पुढे आणखी सदतीस आकडे. त्याला आपल्या भाषेत सोपे नाव नाही, आणि असते तरी त्याने काही डोळ्यांपुढे उभे राहिले नसते. एवढेच समजावे, की आता गावठाण नाही. चहूकडे मळाच मळा आहे.

मग माणसे तिकडे धावली का नाहीत? इथेच सारी गोम आहे. जुना पत्ता आणि नवा पत्ता एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आमच्या जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत. आजोबा ते घडाघड वाचीत. मला त्यातले एक अक्षर कळत नाही आणि तालुक्याच्या गावी मोडी जाणणाऱ्याकडे जावे लागते. तसेच हे. नुसता नवा पत्ता घेऊन बसलात तर जुन्या पत्त्यावरची माणसे तुमच्याकडे येऊ शकत नाहीत. म्हणून जो तो म्हणतो, आधी तू हो, मग मी होतो. पुष्कळांनी दोन्ही पत्ते ठेवले. पुष्कळ ठिकाणी मध्ये दुभाषा बसवला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य कोठारातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशियाच्या वाट्याचे कोठार तळाला गेले, आणि नव्या मागणाऱ्याला, मग तो केवढाही मोठा असो, एक हजार चोवीस पत्त्यांवर काही मिळेनासे झाले. तरीही जग थांबले नाही. कारण 'मार्फत' होते ना! एका पत्त्याआड शंभर घरे, त्या शंभरांच्या पत्त्याआड आणखी. सोय इतकी चांगली झाली, की आपल्याला स्वतःचा पत्ता नाही हे कोणाला जाणवलेच नाही. मला तर वाटते, मार्फतीचा हाच मोठा तोटा आहे. ती अडवत नाही. ती निभावून नेते. वीस माणसे एका खोलीत राहू शकतात हे एकदा सिद्ध झाले, की एकविसाव्याला वेगळी खोली पाहिजे असे कोणाला वाटत नाही. फक्त केव्हा तरी एखादे कार्ड तसबिरीमागे राहून जाते.

भारतात यातून वाट निघाली ती मोबाईलच्या मार्गाने. सरकारने २०१० च्या जुलैमध्ये नव्या पत्त्यांकडे जाण्याचा आराखडा काढला होता; पण खरी गर्दी लोटली ती २०१६ च्या ५ सप्टेंबरला मुंबईच्या जिओने आपले जाळे लोकांना खुले केल्यानंतर. कोट्यवधी गिऱ्हाइके यायची, आणि जुने पत्ते तर बाजारात सोन्याच्या भावाने. तेव्हा त्यांनी आपले जाळे मुळापासून नव्या पत्त्यांवर उभारले. ज्याला वाड्यात खोली नव्हती त्याने मळ्यात घर बांधले, असेच हे झाले. आज नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातल्या अगदी पुढच्या देशांत मोजला जातो. मला हे ऐकून हसू आले. माझ्या खिशातल्या मोबाईलला किती तरी वर्षांपासून स्वतःचा नवा पत्ता होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

"मग मळ्यातही तोच लाव की," मी म्हणालो.

"लावतो. एरवी दुसरी वाट होती, सर. कॅमेऱ्याच्या कंपनीमार्फत बघायचं. पण त्याला दरमहा पैसे. आणि तुमच्या आईचं चित्र आधी कुठल्या तरी लांबच्या यंत्रावर जाणार, तिथून तुमच्याकडे येणार."

मळा गावापासून दोन किलोमीटर. आईने अंगणात शेणसडा टाकायचा आणि ते चित्र परक्याच्या घरून फिरून मला दिसायचे! मी त्याला म्हणालो, मार्फत पुष्कळ झाले, आता नाही.

त्याने पडवीतल्या डबीत काही तरी फिरवले, आपल्या कचेरीत फोन करून पलीकडच्याला काही सांगितले, आणि मला कागदावर नवा पत्ता लिहून दिला. आठ गट, मध्ये दोन-दोन टिंबे. आकडे अपुरे पडले म्हणून इंग्रजी मुळाक्षरांतली पहिली सहा अक्षरेही घेतलेली. ओळीने शून्ये आली तर ती गाळून दोन टिंबांची जोडी द्यायची. मात्र ही सवलत एका पत्त्यात एकदाच. आईने कागद उलटासुलटा करून पाहिला. "ह्ये काय रं? कुणाची पत्रिका?" मी म्हटले, "आई, हा आपल्या मळ्याचा पत्ता. जगात दुसऱ्या कोणाचा नाही." तिने तो कागद घडी करून वडिलांच्या टपालपेटीत ठेवला. त्या पेटीत पडलेले ते पहिले टपाल.

जाता जाता त्या पोराने एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. "सर, मार्फतमध्ये आपोआप एक आडोसा होता. बाहेरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं, तसा चोरही येऊ शकत नव्हता. आता घराला पत्ता आहे, तर कडी आपली आपणच लावायची." त्याने एवढे एकच दार ठेवून बाकीची बंद केली आणि त्यालाही परवलीचा शब्द घातला. ज्यांच्या दाराशी बिबट्या येतो, त्यांना कडीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोठ्या उत्साहाने शाळेतल्या संगणकावर तो पत्ता घातला. काही दिसेना. शाळेची तार अजून जुन्याच पत्त्यावर होती. तिला नव्याची भाषा कळत नव्हती. मग खिशातून मोबाईल काढला, आणि क्षणात आमचे अंगण त्यात उभे राहिले. एकाच टेबलावर दोन यंत्रे, एकाला माझी आई दिसत होती आणि दुसऱ्याला ती असल्याचेही ठाऊक नव्हते. आई पडवीत बसून लसूण सोलत होती. मध्येच तिने मान वर करून कडुनिंबाकडे पाहिले. माझ्या घशात काही तरी दाटून आले. वडील मुंबईत असताना तिने असेच किती वेळा वाटेकडे पाहिले असेल!

आता माझी संध्याकाळची काळजी मिटली. वह्या तपासता तपासता मी मोबाईल पुढे ठेवी. गोठ्याचे दार लागले, दिवा लागला, आई आत गेली, झाले. पूर्वी मी एक दिवसाआड तरी मळ्यात जात असे. आता पाहिले तर आठ दिवस होऊन गेले होते, आणि मला ते कळलेही नव्हते. रोज भेट झाल्यासारखेच वाटत होते.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी मोबाईल उघडला तो पडदा काळाकुट्ट. चाक फिरत नव्हते. म्हणजे पत्ता चालू होता, तार चालू होती. नुसताच अंधार. आईला फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. त्याच सकाळी शेजारच्या वस्तीवर ऊसतोड लागली होती. बायकोला काही न सांगता मी स्कूटर काढली. त्या दोन किलोमीटरांत माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही.

अंगणात दिवा होता. म्हैस रवंथ करीत होती. कॅमेऱ्यावर एक गोणपाट नीट, चारी बाजूंनी दोरीने बांधून घातले होते. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मला पाहून तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"आलास व्हय? म्हटलं बघू, येतोय का."

"अगं, पण मला रोज दिसत होतीस तू!"

"तुला दिसत व्हते," ती म्हणाली. "मला कुठं तू दिसत व्हतास?"

मला उत्तर सुचले नाही. मी पाट ओढून बसलो. तिने पितळीत भाकरी आणि पिठले वाढले, कांदा फोडून दिला, आणि मुलांच्या परीक्षेचे विचारू लागली. जेवण झाल्यावर मी गोणपाट सोडू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आजच्या रात. तू हितंच हायेस नव्हं?"